बारक्याचं टिंब

दुकान कसलं, जिन्याखालची जागा ती. लोक जिथे बादल्या आणि पोछे ठेवतात, तेवढ्यात ताईच्या नवऱ्याने फोन दुरुस्तीचा धंदा थाटला होता. समोर काचेचं कपाट, कपाटात मेलेल्या फोनच्या बॅटऱ्या, आणि मागच्या भिंतीला एक फळी. फळीवर दहा जुने फोन ओळीने उभे, प्रत्येकाच्या बुडात चार्जरची वायर खुपसलेली. गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकले आणि परत न्यायला आलेच नाहीत, असले फोन. कुणाची काच तडकलेली, कुणाचं बटण गळालेलं, पण पडदे चालू. त्या दहाही पडद्यांवर कुणाचं बोट न लागता काम चाललेलं असायचं. पान वर सरकायचं, थांबायचं, एक लाल बदाम उमटायचा, पान पुन्हा वर सरकायचं.

"बघ, मध्ये मध्ये थांबतं की नाही माणसासारखं," नवरा कौतुकाने सांगायचा. "सलग केलं तर कंपनी पकडते. म्हणून मी त्याला दमायला शिकवलंय."

ताई धुलाईघरातून आठ तास उभी राहून आलेली असायची. तिला दमायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. ती स्टुलावर बसायची, पाय वर घ्यायची आणि रोजचा प्रश्न विचारायची.

"बारक्याचं काही?"

"अजून नाही. पण आकडा बघ ना कुठे गेलाय."

आकडा. हल्ली नवऱ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आकड्यातच असायचं.

बारका म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. पाठचा म्हणायचा, पण वयात इतकं अंतर की त्याला तिनेच कडेवर वाढवला. शाळेत पाटी फोडली की आईआधी ताईला सांगायचा. मोठा झाला, कुठे टिकेना, तेव्हा ताईने मुकादमबाईच्या हातापाया पडून त्याला स्वतःच्याच धुलाईघरात चिकटवला. इस्पितळांच्या चादरी धुणारं ते धुलाईघर. एका दाराने रक्ता-मुताचे गठ्ठे आत यायचे आणि दुसऱ्या दाराने पांढऱ्याशुभ्र घड्या बाहेर पडायच्या. मधल्या वाफेत काय होतं ते चादरीवर झोपणाऱ्याला कळत नाही, कळून घ्यायचंही नसतं. बारका मोठ्या तापलेल्या रोलरवर होता. ओली चादर एका बाजूने सोडायची, दुसऱ्या बाजूला दोन बायका ती धरून घडी घालायच्या.

एक दिवस बारक्याचं लक्ष नव्हतं. चादर आत गुंडाळली गेली, मागून दुसरी, तिसरी. त्याने रोलर थांबवायचा तर तो नुसता बघत उभा राहिला. पलीकडच्या बाईने चादर ओढायला हात घातला आणि तिच्या तळव्याची कातडी रोलरला चिकटून राहिली. आरडाओरडा झाला. मुकादमबाई धावत आली आणि बारक्याला सोडून ताईला म्हणाली, "तुझा भाऊ म्हणून घेतला होता ना गं याला?"

ताई तेव्हा गप्प बसली असती तर ही गोष्ट लिहावीच लागली नसती. पण पोट कामावर असतं तेव्हा तोंड आपलं राहत नाही. सगळ्यांच्या देखत ती म्हणाली, "हा माझा कुणी नाही. याला उद्यापासून दारातसुद्धा उभं करू नका."

बारक्याने अंगातला डगला काढला, घडी घातली, चादरींच्या ढिगावर ठेवला आणि गेला. घरी आलाच नाही. फोन लावला तर बंद. सिमकार्ड काढून फेकलं असणार, रागाच्या भरात हेच करायचा तो. मागेही एकदा केलं होतं.

त्या घरात एक टिंब होतं, ते आधी सांगायला हवं. आईची झोप कच्ची. एकदा मोडली की उजाडेपर्यंत जुळायची नाही. म्हणून घरी उशिरा येणाऱ्याने घंटी वाजवायची नाही, असा नियम. बारका गल्लीच्या तोंडाशी आला की ताईच्या फोनवर नुसतं एक टिंब पाठवायचा. ताई उठून कडी काढायची आणि उलट एक टिंब पाठवायची. म्हणजे ये, दार उघडं आहे. पुढे पुढे त्या टिंबावरच सगळं भागायला लागलं. भांडण झालं, दोघं दोन खोल्यांत तोंड फुगवून बसले, की शेवटी आतल्या खोलीतून टिंब यायचं. ताई बाहेरच्या खोलीतून टिंब पाठवायची. मिटलं. कुणी कुणाची माफी मागायची नाही, कुणी कुणाला समजवायचं नाही. नवरा म्हणायचा, "तुम्हा बहीणभावाचं म्हणजे तारखात्याचं काम आहे."

बारका गेल्यावर ताई उशाशी फोन घेऊन टिंबाची वाट बघत राहिली. ते आलं नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि म्हणाले, सज्ञान आहे, रागाने गेलाय, येईल भूक लागली की. तेव्हा नवऱ्याने पेज काढून दिलं. पेजचं नाव 'बारक्याला शोधा'. फोटो मिळता मिळेना, कारण फोटोचं नाव काढलं की बारक्याचा पंजा तोंडासमोर जायचा. शेवटी धुलाईघराच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात तो पकडून आणलेल्या चोरासारखा दिसत होता. खाली ताईचा नंबर.

पहिल्यांदा पेजला माणसं मिळाली ती नात्यातली, गल्लीतली आणि धुलाईघरातली. त्यांना बारका हरवल्याचं आधीच ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यापर्यंत पेज जाईना. नंबर मात्र गेला. रोज कुणीतरी फोन करायचं. एकजण बारक्याबद्दल विचारत विचारत ताईच्या अंगावरच्या कपड्यांवर घसरला. एकाने तो माझ्याकडे बांधून ठेवलाय असं सांगितलं आणि फिदीफिदी हसला. ताईने नंबर बदलला. पेजवर दुकानाचा नंबर टाकला. त्यावर बारक्याचं टिंब कुठे येणार, हा विचार तेव्हा तिच्या मनात आला, नाही असं नाही. पण नवरा म्हणाला, "तो पेज बघेल की. पेज त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे, बस. आणि पोचवायची जबाबदारी माझी."

आणि त्याने फळी ठोकली.

युक्ती अशी. दहा फोनवर दहा खोटी माणसं. त्यांना फोटो खरे लावले, म्हणजे दुसऱ्याच्या पेजवरून उचललेले. एक दाढीवाला डॉक्टर, एक नवी नवरी, एक नातवाला मांडीवर घेतलेले आजोबा. ही दहा माणसं दिवसभर हजारो लोकांच्या मागे लागायची, त्यांच्या फोटोंवर 'फारच सुंदर', 'काळजी घ्या' असं काहीतरी टाकायची आणि आपल्या पेजकडे बोट दाखवायची. पेजही आपणहून हजारोंना फॉलो करायचं. उलट फॉलो आला तर ठीक, नाहीतर चार दिवसांनी त्याचं नाव काढून पुढच्याला धरायचं. आणि जो नवा माणूस यायचा किंवा पेजला काही लिहायचा, त्याला तिथल्या तिथे पेजकडून उत्तर जायचं: 'आमच्या परिवारात स्वागत. तुमच्यासारख्या माणसांमुळेच आशा टिकून आहे. हा शोध आणखी पाच जणांना पाठवा.' त्यापुढे हात जोडलेले.

हे वाक्य नवऱ्याने तिला वाचून दाखवलं होतं. ताई म्हणाली, "मी असं बोलत नाही."

"तू बोलतेस तसं लिहिलं तर कोण येईल?" तो म्हणाला. वाईट हेतूने नव्हे. तो वाईट माणूस नव्हताच. सासूचे पाय चेपायचा, बायकोचा डबा भरायचा, आणि बारक्याला शोधायचं त्याच्याही मनात खरोखर होतं. फक्त शोधता शोधता त्याला आकडा सापडला, आणि माणसापेक्षा आकडा लवकर सापडतो. आयुष्यात त्याने हात लावलेली कुठलीच गोष्ट वाढली नव्हती. ही रोज वाढत होती. शेजारचा चावीवाला त्याला आता साहेब म्हणायचा. एका गादीवाल्या कंपनीने निरोप पाठवला होता की तुमच्या पेजवर आमच्या गाद्या दाखवा.

"हरवलेल्या पोराच्या पेजवर गाद्या?" ताई म्हणाली.

"अगं, ते म्हणतात भावनिक पेज आहे, लोक थांबून बघतात."

धुलाईघरात मुकादमबाई म्हणायची, "काय ताई, चाळीस हजार झाले म्हणे. आता आम्हाला ओळख दाखवशील ना?" आणि तीच बाई व्हिडिओ काढायच्या दिवशी पावडर लावून आली होती. नवऱ्याने रोलरजवळ ताईला उभी केली, रिकाम्या जागेकडे बोट दाखवायला लावलं आणि बोलायला लावलं. माझा भाऊ इथे उभा राहायचा. पहिल्यांदा तिला रडू आलं, पण वाफेने कॅमेऱ्याची काच धुरकटली. दुसऱ्यांदा मुद्दाम रडावं लागलं, ते खरं वाटलं नाही. तिसऱ्यांदा जमलं. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला.

आई आतल्या खोलीत पलंगावर. तिला पेज म्हणजे काय ते कळायचं नाही. तिच्या मते कुठेतरी एक मोठं अंगण होतं आणि त्यात चाळीस हजार माणसं बारक्याला हाका मारत उभी होती. रोज संध्याकाळी ताई आत शिरली की ती विचारायची, "आलं का कुणाचं काही?" ताई म्हणायची, "येईल." आई म्हणायची, "एवढी माणसं आहेत. कुणालातरी दिसेलच की."

मग ते पिशवीचं झालं. दुकानाच्या नंबरवर कुणीतरी गोड बोलून आईचा फोन मिळवला आणि ताई कामावर असताना आईला सांगितलं, तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पायाला लागलंय, गाडी घेऊन येतो, तयार राहा. आई उठली. वर्षभर जी मोरीपर्यंत धरून न्यावी लागायची ती उठली, नेसून तयार झाली, पिशवीत बारक्याचे दोन शर्ट, टॉवेल आणि पायाला लावायचं मलम भरलं आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिली. संध्याकाळी ताई आली तेव्हा तशीच बसलेली. चप्पल घातलेली. "गाडी कशी आली नाही गं अजून," म्हणाली.

फोन करणाऱ्याने आधी पेजवर निरोप टाकला होता, त्यावरून नवऱ्याने त्याचं खातं शोधून काढलं. फोटो नाही, एकही पोस्ट नाही, मागे कुणी नाही. कालच उघडलेलं.

ताईच्या डोक्यात तेव्हा जाळ होता. ती म्हणाली, "असल्यांना काढून टाका. ज्याला तोंड नाही त्याला आत घेऊ नका. एकालाही नाही."

"मशीनला सांगतो तसं," नवरा म्हणाला. "रोज सकाळी झाडू मारेल. फोटो नसलेला, पोस्ट नसलेला, मागे माणसं नसलेला दिसला की ब्लॉक. पेजलाही बरंच. असल्या खात्यांनी किंमत उतरते. ते गादीवाले पण हेच विचारत होते."

दहा खोट्यांना तोंडं होती. ती राहिली. झाडू त्याच दिवशी सुरू झाला आणि घरात त्यानंतर तसला फोन आला नाही. ताईला बरं वाटलं. तिने नवऱ्याला त्या रात्री दोन घास जास्त वाढले.

तो माणूस धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत आला. बायका मागच्या पायरीवर डबे उघडून बसल्या होत्या. उंच, वाकलेला, भर उन्हात कानटोपी घातलेला. बोटांची टोकं काळी पडलेली. व्हिडिओतली भिंत ओळखून तो दोन गल्ल्या फिरत आला होता.

"ताई कोण?"

"इथे सगळ्यांची मीच ताई," ताई म्हणाली. "काम काय?"

"बारक्याची ताई पाहिजे."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. व्हिडिओनंतर असे बरेच येऊन गेले होते. कुणाला सोबत फोटो हवा असायचा, कुणाला नुसतं बघायचं असायचं. ताईने डब्यावरून मान वर केली नाही. "तुम्ही पण पाहिलंत का त्याला? रस्त्यात की स्वप्नात?"

"खोलीत," तो म्हणाला. "माझ्या शेजारच्या कॉटवर. शीतगृहात आहोत आम्ही. मासळीची खोकी चढवतो. होतो म्हणजे. मी आहे, तो गेला."

"कुठे गेला?"

"ते तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं." त्याने खिशातून एक फोन काढला. काच कोपऱ्यातून तडकलेली. "हा ठेवून गेला. तो तुमचा भाऊ, म्हणून तुम्हाला आणून द्यावा म्हटलं. ताई, एक विचारू? तुम्ही त्याला असं का केलंत?"

"काय केलं मी?"

"तो रोज टिंब पाठवायचा तुम्हाला."

ताईच्या हातातला घास डब्यात पडला. शेजारची बाई म्हणाली, "काय पाठवायचा?"  ते टिंब घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. पोलिसांना नाही, पेजला नाही, मुकादमबाईला नाही.

तो माणूस सावकाश बोलत राहिला. थंडीत काम करणारी माणसं बोलतात तसं, तोंड कमी उघडून. बारक्याने नवा फोन घेतला, पहिल्यांदा तुमचा नंबर लावला, तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. मग आमच्यापैकी एकाने त्याला ते पेज दाखवलं. स्वतःचा फोटो बघून पोट धरून हसला. म्हणाला, ताईने चोर केलाय माझा. मग बराच वेळ भिंतीकडे तोंड करून झोपला. मग खातं उघडलं आणि तुम्हाला टिंब पाठवलं. मी म्हटलं, अरे नाव तरी लिही, तिला कसं कळणार? म्हणाला, तिला कळतं. तिचं टिंब आलं की मी निघालो. पिशवी बांधून ठेवली होती त्याने.

"मग?" ताई म्हणाली. तिला माहीत होतं मग काय.

"मग तुमचं उत्तर आलं. परिवारात स्वागत. पाच जणांना पाठवा." तो पुढे म्हणाला, "त्याने पुन्हा टिंब पाठवलं. पुन्हा तेच. आम्ही खोलीत चेष्टा केली त्याची, खोटं कशाला बोलू. म्हटलं, बाबा, तुझ्या बहिणीने तुलाच तुला शोधायला लावलंय. तो पण हसला. आणि म्हणाला, ताई असं लिहीत नाही. पण चाळीस हजार माणसं झालीयत तिला आता. मोठ्या माणसांचं लिहिणं बदलतं."

मुकादमबाई येऊन मागे उभी राहिली होती. 

"तिसऱ्या टिंबानंतर सकाळी उठला तर त्याच्या फोनवर पेजच दिसेना. माझ्या फोनवर दिसत होतं, त्याच्या नाही. आमच्यातल्या एकाने सांगितलं, ब्लॉक केलंय तुला. तेव्हा म्हणाला, दारात उभं करू नका म्हणाली होती, ते खरंच म्हणाली होती तर. एवढंच. पाळी संपवली, फोन माझ्या उशाशी ठेवला आणि गेला. मीही लिहिलं तुम्हाला की तो गेलाय. मलाही पाच जणांना पाठवायला सांगितलंत. पाठवलं मी." त्याने कानटोपी काढून हातात घेतली. "मग वाटलं, पलीकडे माणूसच नसणार. म्हणून सुट्टी मिळाल्यावर आलो."

ताई त्याला घेऊन दुकानात गेली. सुट्टी संपायची घंटा झाली तरी गेली. नवरा कपाटामागे बसून कुणाच्या तरी फोनची पाठ उघडत होता. तिने बारक्याचा फोन काचेवर ठेवला.

"हा चालू करा."

"कुणाचा आहे?"

"करा तर."

त्याने वायर लावली. फोनला कुलूप नव्हतं, बारका कशालाच कुलूप लावायचा नाही. दुकानाचं इंटरनेट जोडलं. ताईने स्वतः उघडून बघितलं. खात्याला फोटो नाही. पोस्ट नाही. मागे कुणी नाही, आणि ज्याच्याशी बोलणं झालं असं एकच पेज. संदेशांत टिंब. खाली परिवारात स्वागत. टिंब. परिवारात स्वागत. टिंब. परिवारात स्वागत, हात जोडलेले.

नवऱ्याने तिच्या खांद्यावरून वाचलं.  माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो. तो म्हणाला, "नाव लिहायचं ना त्याने. एक शब्द लिहिला असता तरी..."

"एक शब्द लिहून दरवाजे उघडत नव्हतो आम्ही."

"मशीनला काय कळणार गं टिंब?"

"मशीनला कुठे विचारतेय मी?"

"तूच म्हणालीस तोंड नसलेल्याला घेऊ नका."

"मीच म्हणाले." ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच म्हणाले."

कानटोपीवाला दाराशी उभा होता. त्याला आत यावं की जावं ते कळेना. फळीवर दहा पडदे सरकत होते. डॉक्टर कुणाच्या तरी बाळाला 'फारच सुंदर' म्हणत होता. नवरीने कुणाला तरी काळजी घ्यायला सांगितली.

नवरा कपाळाला हात लावून बसला. खरोखरचं बसला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मग हळूहळू मान वर केली, आणि ताईने त्याचा तो चेहरा ओळखला. रोज आकडा बघताना व्हायचा तोच.

"ऐक," तो म्हणाला. "रागावू नकोस. हे लोकांना सांगितलं पाहिजे. हे गृहस्थ आहेत, फोन आहे, टिंबं आहेत. सगळं खरं आहे, यात काही खोटं नाही. हा व्हिडिओ टाकला तर लाखावर जाईल. लाखात कुणीतरी त्याला बघितलेलं असेलच ना? त्याच्यासाठीच म्हणतोय मी."

"आधी तो झाडू बंद करा."

त्याने केला. पेजच्या फोनवरून बारक्याचं खातं मोकळं केलं. ताईने तो फोन त्याच्या हातातून घेतला. धुलाईच्या सोड्याने तिच्या अंगठ्याची सालं निघालेली होती. तिने एक टिंब उमटवलं आणि पाठवलं.

काचेवर पडलेला बारक्याचा फोन थरथरला. पडदा उजळला. काचेखालच्या बॅटऱ्या किंचित वाजल्या.

"पोचलं," नवरा म्हणाला. सवयीने.

ताईने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग फळीखालचा सगळ्या वायरींचा एक मोठा प्लग होता तो उपटला. फोन विझले नाहीत. चार्ज होते सगळे. डॉक्टर, नवरी, आजोबा आपापलं काम करत राहिले. तिने एक उचलला, उलटा ठेवला. दुसरा उलटा ठेवला. तिसऱ्यावर हात थांबला. ती कानटोपीवाल्याला म्हणाली, "तुमची बस किती वाजता?"

"सहाची."

"थांबा. मी येते."

"तिथे कुठे शोधणार, ताई? तो तिथे नाहीये. मी सांगितलं ना."

"शेवटचा तिथेच तर होता."

घरी आई पलंगावर टेकून बसली होती. आज ताई लवकर आलेली बघून तिने पदर सावरला. ताईने आल्या आल्या कडी न लावता दार सताड उघडं टाकलं आणि खुंटीवरची पिशवी खाली घेतली. बारक्याचे दोन शर्ट त्यातच होते. त्या दिवसानंतर कुणी काढलेच नव्हते. मलमही होतं.

"आलं का कुणाचं काही?" आईने विचारलं.

"आलं होतं, आई."

"मग?"

ताई पिशवीची गाठ मारत होती. ती गाठ तिने सोडली, पुन्हा मारली.

"मी उघडलं नाही."

 आईने पाय पलंगाखाली सोडले आणि चप्पल चाचपायला लागली.

"तू कुठे निघालीस?"

"खुर्चीत बसते दाराशी," आई म्हणाली. "तू नसताना आला तर कुणीतरी पाहिजे की."

ताईने तिला धरून उठवलं. खुर्चीपर्यंत आणायला बराच वेळ लागला. आईने खुर्चीत बसून उघड्या दाराकडे तोंड केलं, चपलेत पाय नीट सरकवले आणि म्हणाली, "आणि त्या चाळीस हजारांना सांग, आता घरी जा म्हणावं."